नवा व्हॉल्व्ह आणि मामांचा गळा

घरातला पहिला पदवीधर मी झालो तो नामदेवमामांमुळे. परवा मुलाने गिटारच्या अॅम्प्लिफायरमधला वीज पुरवणारा, बल्बसारखा काचेचा रेक्टिफायर व्हॉल्व्ह बदलला, तापलेल्या धुळीचा वास आला आणि मी मनाने जळकोटला, मामांच्या गावी पोहोचलो.

दुष्काळाचं वर्ष. रस्त्याच्या कामावरून माणसं परतली की गावच्या विकास सोसायटीच्या अंगणात चौदा एप्रिलच्या जयंतीच्या गाण्यांची तालीम चाले. मामा मुख्य गायक. एका संध्याकाळी त्यांनी लाउडस्पीकरच्या अॅम्प्लिफायरमध्ये सोलापूरहून आणलेला नवा व्हॉल्व्ह बसवला. आवाज खणखणीत झाला. वरच्या सुरात मामांचा गळा चिरकला, तोही तसाच ऐकू आला. जुना व्हॉल्व्ह जोराचा आवाज जरा दाबून मऊ करायचा, त्यात हे चिरकणं झाकून जायचं.

"मामा, जुनाच लावा की," मी म्हणालो.

"त्यो माझी भीड धरतो रं. शांताचा गळा साफ हाय, तिला नवाच पायजे." त्यांनी माईक लेकीपुढं सरकवला.

"आन् तुमी, आबा?" शांतानं विचारलं.

"म्या टाळ्या वाजवतो. चुकलो तर हाकलून दे."

सगळे हसले. मीही हसलो. त्या संध्याकाळी त्यांनी गाणं कायमचं सोडलं, हे मला आज कळतंय.

काल त्यांना पत्र टाकलं: "मामा, जयंतीला येतोय. नवाच व्हॉल्व्ह लावू. तुम्ही गा. चिरकलं तर चिरकू द्या."