गेलेली अठरा रेकॉर्डिंगं

सुभेदार लक्ष्मण फडतरे सैन्यात सिग्नल्समध्ये होते. मूळचे साताऱ्याकडचे, पण शेवटची नेमणूक झाशीजवळच्या बबीन्याच्या छावणीत झाली आणि बायकोचं माहेर झाशीचं, म्हणून निवृत्तीनंतर झाशीतच प्रेम नगरात घर घेऊन राहिले. इथली मराठी घरं मोजकीच. त्यातल्या कुणाचाही कॉम्प्युटर अडला की फोन फडतरेकाकांना. दहा-बारा वर्षं हे असंच चाललं होतं. स्कूटरच्या डिकीत स्क्रू-ड्रायव्हर, ब्रश, दोन-चार जुन्या केबली. काम झालं की चहा घ्यायचे, आणि घरच्यांनी एकदा तरी 'काका, तुम्ही होतात म्हणून' म्हणेपर्यंत उठायचे नाहीत.

ही सगळी हकीगत त्यांनीच मला सांगितली. स्वतःला कुठे झाकलं नाही, म्हणून मीही झाकत नाही.

दोन वर्षांपूर्वी बबीन्याला आदित्य नावाचा कॅप्टन बदलून आला. त्याची बायको कश्मिरा पुण्याची, घरूनच कुठल्याशा कंपनीचं काम करायची. लक्ष्मी तालाजवळच्या महालक्ष्मीच्या देवळात चार बायकांशी तिची ओळख झाली, आणि महिन्याभरात त्यांतल्या रजनीताईंचा रखडलेला लॅपटॉप तिनं असा काही झरझर चालता करून दिला, की प्रेम नगरात दुसरा विषय उरला नाही.

"काका, आता राहू द्या हं. कश्मिरानं करून दिलं," रजनीताई फोनवर म्हणाल्या.

काका 'बरं झालं' म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी सहज आल्यासारखे त्यांच्याकडे गेले. चहा होईपर्यंत लॅपटॉप उलटा करून खालचं झाकण उघडलं. कुठे ढिला स्क्रू दिसतोय का, काही चुकलंय का, हे शोधत होते. काहीच चुकलं नव्हतं. आतली धूळसुद्धा पुसलेली होती.

"ती धूळ पुसलेली बघून मला जास्त राग आला," काका मला म्हणाले. "धूळ ठेवली असती तर मला घरी जाऊन सांगता आलं असतं."

त्यांच्या पत्नी स्नेहलताबाई शाळेत शिकवतात. त्यांचं माहेर झाशीचं असलं, तरी घराणं जुनं गुरसरायचं. सहा वर्षं त्या एक काम करत होत्या. झाशी, गुरसराय, मऊरानीपूर इथल्या जुन्या मराठी घरांतल्या म्हाताऱ्या बायकांकडे जाऊन त्यांच्या ओव्या, हळदीची गाणी, रोवळी-वेळणीसारखे स्वयंपाकघरातले शब्द, सगळं त्या मोबाईलवर रेकॉर्ड करून घेत आणि घरच्या कॉम्प्युटरवर उतरवत. एकशे एकसष्ट रेकॉर्डिंगं झाली होती. मागे एकदा त्यांनी विचारलं होतं, "अहो, ह्याची दुसरीकडे एक कॉपी ठेवायची का?"

"मी घरात असताना कॉपी कशाला?" काका म्हणाले होते.

मागच्या हिवाळ्यात तो कॉम्प्युटर रखडायला लागला. चालू व्हायलाच दहा मिनिटं. फोल्डर उघडला की पडदा गोठायचा, मधूनच आतून टक् टक् असा आवाज. काकांनी पंखा साफ केला, नको ते प्रोग्रॅम काढले, डिस्कची केबल बदलली. दोन दिवस बरा चालला. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

"व्हायरस असणार. बघतो रविवारी," ते म्हणाले. तो रविवार गेला, पुढचाही गेला.

मग एका मंगळवारी काका बाजारातून परत आले, तर कॉम्प्युटरसमोर कश्मिरा बसलेली आणि तिच्या खुर्चीमागे स्नेहलताबाई उभ्या.

"अहो, मीच बोलावलं तिला," बाई म्हणाल्या. "म्हटलं तुम्हाला किती त्रास द्यायचा."

काका पिशवी हातात धरून तसेच उभे राहिले. दुसऱ्यांच्या घरात तिला बोलावलं जातं, हे त्यांनी कसंबसं गिळलं होतं. पण आपल्याच घरात!

"काका, हे बघा," कश्मिरा उठून त्यांना जागा देत म्हणाली. "डिस्क स्वतःची नोंद स्वतःच ठेवते ना, त्यात तीनशेच्या वर जागा खराब दिसताहेत. आणखी पन्नासेक वाचायला अडताहेत. डिस्क जातेय. आता हिच्यावर कुठलीही दुरुस्ती चालवायची नाही, नाही तर ओझं येऊन लवकर बसेल. आधी सगळं उतरवून घ्यायचं. शनिवारी मी मोठी डिस्क घेऊन येते, तोपर्यंत हा बंदच राहू दे."

स्नेहलताबाईंनी ते वहीत लिहून घेतलं. काकांनी बायकोचा चेहरा पाहिला. लग्न नवं असताना त्यांनी घरचा रेडिओ खोलून जोडला होता, तेव्हा ती त्यांच्याकडे जशी बघत होती, तशी आता कश्मिराकडे बघत होती.

"असले आकडे नुसते घाबरवायला असतात," ते म्हणाले.

शुक्रवारी सकाळी बाई शाळेत गेल्या आणि काकांनी कॉम्प्युटर चालू केला. शनिवारी ती पोरगी यायच्या आत डिस्क ठणठणीत करून दाखवायची, एवढंच डोक्यात होतं. संपूर्ण डिस्क तपासून दुरुस्त करायची आज्ञा त्यांनी दिली. आकडा हळूहळू चढत सत्तावीस टक्क्यांवर गेला आणि तिथेच थांबला. एक तास, दोन तास. पाच तासांनी टक् टक् इतकी वाढली की त्यांनी बटण दाबून बंद केला. पुन्हा चालू केला, तर काळ्या पडद्यावर एकच ओळ. डिस्क सापडत नाही.

बाई घरी आल्या, तेव्हा काका बागेतल्या कुंड्यांना पाणी घालत होते. काही बोलले नाहीत.

"बोलायचं धैर्य नव्हतं, हे अर्धं खरं," ते मला म्हणाले. "उरलेलं अर्धं सांगतो. मनात आलं, उद्या ती येईल, बटण दाबेल, आणि तिच्या हातून गेल्यासारखं दिसेल. दिसू दे."

शनिवारी दहा वाजता कश्मिरा नवी डिस्क घेऊन आली. बटण दाबलं. काळा पडदा, टक् टक् टक्. तिनं केबल काढून परत लावली. पुन्हा तेच. तिचा चेहरा उतरला.

"काकू, मंगळवारी तर दिसत होती. मी त्याच दिवशी उतरवायला हवं होतं. माझं चुकलं."

ते ऐकून काकांना गोड वाटलं. खोटं कशाला बोलायचं, असं म्हणून त्यांनी मला तेही सांगितलं. पण कश्मिरा लगेच सावरली.

"काकू, मंगळवारनंतर हा कुणी चालू केला होता का? नुसती जुनी होऊन बसली असेल तर मी एक करेन. खूप तास राबून तापून बसली असेल, तर आता परत चालू करायचीच नाही, आधी थंड होऊ द्यायची. चुकीचं केलं तर उरलंसुरलंही जाईल."

"छे, कुणी हातसुद्धा लावला नाही," स्नेहलताबाई म्हणाल्या.

कश्मिराचं बोट बटणाकडे गेलं.

"थांब," काका म्हणाले. "मी लावला. काल. दुरुस्ती चालवली."

"किती वेळ?"

"पाच तास."

स्नेहलताबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं आणि त्या स्वयंपाकघरात निघून गेल्या. कश्मिरानंही टोमणा मारला नाही. "बरं झालं सांगितलंत," एवढंच म्हणाली आणि मागची वायर काढली. तिनं ऐकवलं असतं तर मला बरं वाटलं असतं, असं काका म्हणतात.

डिस्क बाहेर काढून संध्याकाळपर्यंत तशीच ठेवली. मग कश्मिरानं ती आपल्या लॅपटॉपला जोडली. तिच्याकडचा प्रोग्रॅम आधी चांगल्या जागा उतरवून घेत होता आणि अडणाऱ्या जागा शेवटासाठी सोडत होता. काका डिस्कजवळ कान लावून बसले. आवाज बदलला की म्हणायचे, "आता थांबव," आणि ती थांबवायची. अर्धा तास विश्रांती, मग पुन्हा. रविवारी दुपारी डिस्क कायमची गप्प झाली, तोवर एकशे त्रेचाळीस रेकॉर्डिंगं निघाली होती.

अठरा गेली.

स्नेहलताबाई आठ दिवस नवऱ्याशी कामापुरतंच बोलल्या. नवव्या दिवशी त्यांनी एक कागद पुढे ठेवला.

"ह्या अठरा जणी. सात आता नाहीत. अकरा आहेत. मला घेऊन चला."

पहिल्या रविवारी ते गुरसरायला गेले. शकुंतलाकाकू नव्वदीच्या, खाटेवर उन्हात बसलेल्या.

"काय गं, मागच्या खेपेस तर सगळं म्हणून घेतलंस. फिर से कशाला?"

बाई 'मशीन बिघडलं' म्हणाल्या असत्या, तर निभलं असतं. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. काका म्हणाले, "माझ्या हातून गेलं, काकू. दुसरी एक पोरगी मदतीला आली होती, मला ते सोसलं नाही."

"मर्दांनाही होतं होय ते?" म्हातारी म्हणाली आणि हळदीचं गाणं म्हणायला लागली. काका मोबाईल तिच्या तोंडाशी धरून बसले होते. पाचव्या कडव्यानंतर ती अडली. दोनदा मागून सुरू केलं, तरी पुढचं येईना.

"अजून दोन होती," स्नेहलताबाई हळूच म्हणाल्या. "मागच्या वेळी म्हटली होती तुम्ही."

"होती खरी. गेली बेटा. आता माझ्याशिवाय कुणाला येत नाहीत, आणि मलाही येत नाहीत."

परतीच्या रस्त्यावर एक गाव मागे पडलं, दुसरं पडलं. मग काका म्हणाले, "कश्मिराला विचारतो, तो उतरवण्याचा प्रोग्रॅम मला शिकवशील का म्हणून."

"विचारवेल?"

"नाही विचारवत. अजूनही तिचं नाव घेतलं की इथे टोचतं. पण विचारतो."

स्नेहलताबाईंनी कागद उघडून शकुंतलाकाकूंच्या नावापुढे खूण केली.

"पुढच्या रविवारी मऊरानीपूर," त्या म्हणाल्या. "सकाळी लवकर निघू."