मिज़बान मुख्तारची हद्द

मिज़बान, ज्याला सगळे मुलाच्या नावावरून अबू नाजी म्हणत, स्टोव्ह दुरुस्त करायचा आणि अमारा शहराच्या कडेला असलेल्या एका मोहल्ल्याचा मुख्तार, म्हणजे सरकारने नेमलेला वस्तीप्रमुखही होता. कुणाच्या घरी मूल जन्मलं, कुणी घर बदललं, की त्याचा शिक्का लागायचा. तेवढंच काम असतं, तर तो सुखात राहिला असता. पण लढाई सुरू झाली आणि आघाडीवरून पळून आलेल्या पोरांना शोधत जीप यायला लागली. दार ठोठावायला मुख्तारच पुढे हवा, असा सरकारी रिवाज होता. बायका ओळखीचा आवाज ऐकून दार उघडत, म्हणून.

त्या दिवशी दुपारचं जेवण चालू होतं. जीपचा आवाज आला आणि मिज़बानचा घास तोंडातच राहिला.

"जेवून तरी घ्या," बायको फख्रिया म्हणाली.

"आता कसलं जेवण!"

दारात एक तरुण लेफ्टनंट आणि दोन शिपाई उभे होते. "उम्म साबिरचं घर दाखव."

उम्म साबिर, म्हणजे साबिरची आई, विधवा होती. तिचा साबिर रजेवर आला होता तो परत गेलाच नव्हता, हे सगळ्या गल्लीला माहीत होतं. मिज़बान चालायला लागला. घर कोपऱ्यावर होतं. एक दार या गल्लीत, दुसरं मागच्या. आणि मागची गल्ली म्हणजे शेजारचा मोहल्ला. तिथला मुख्तार हज्जी ऊदा.

"साहेब, हे घर माझ्याकडे येत नाही," त्याच्या तोंडून निघून गेलं. "हद्द इथे संपते. हज्जी ऊदाला बोलवावं लागेल."

बोललो काय हे, असं त्याला लगेच वाटलं. पण लेफ्टनंट नवीन होता. त्याने एका शिपायाला मागच्या दाराशी उभं करायला हवं होतं. तसं न करता तो सगळ्यांना घेऊन ऊदाच्या घरी निघाला. मिज़बानने जाता जाता दाराकडे पाहिलंही नाही. आतल्या बाईने ऐकलं असेल का? गल्लीतल्या खिडक्या तर सगळ्या उघड्या होत्या.

हज्जी ऊदा बाहेर आला तोच भडकलेला. "माझ्या हद्दीतलं घर? अबू नाजी, डोकं फिरलंय का तुझं? शिधापत्रिकेवर शिक्का कुणाचा आहे?"

"तो जुना, हज्जी. हद्दी बदलल्या त्याच्या आधीचा."

"कधी बदलल्या? मला कुणी सांगितलं नाही ते!"

"गप्प बसा दोघं!" लेफ्टनंट ओरडला.

शेवटी दोन्ही मुख्तारांना पुढे घालून सगळे परत आले. मिज़बानने दार ठोठावलं. "उम्म साबिर, मी अबू नाजी. सोबत पाहुणे आहेत, डोक्यावर ओढणी घ्या." तिने दार उघडलं. घरात ती एकटीच होती. शिपायांनी गाद्या उलथल्या, गच्ची पाहिली. लेफ्टनंट मिज़बानजवळ येऊन हळूच म्हणाला, "तुझी हद्द मी विचारून घेतो हं."

त्या वाक्याने मिज़बानची झोप उडाली. रस्त्यावर इंजिन घरघरलं की हातातला पाना खाली पडायचा. त्याला पकडून नेलं तर लागेल म्हणून फख्रियाने त्याची कपड्यांची पिशवी दाराजवळ भरून ठेवली. ऊदाने सलाम करणं सोडलं. उम्म साबिरही रस्ता बदलून जायची. तिने आभार मानले असते तरी लोकांना संशय आला असता, हे त्याला कळत होतं, तरी मनाला लागायचं.

विचारायला कुणी आलं नाही. लेफ्टनंटची बदली झाली, एवढंच कानावर आलं. तरीही मिज़बानने डोळे अधू झाल्याचा अर्ज केला आणि शिक्का परत दिला.

लढाई संपली, पळालेल्यांना माफी जाहीर झाली, तेव्हा दलदलीच्या मुलखात लपलेला साबिर परतला, काळवंडलेला आणि खोकणारा. उम्म साबिर मशिदीबाहेर मिज़बानला भेटली.

"अबू नाजी, त्या दिवशी तुम्ही मुद्दाम बोललात का?"

"खरं सांगू, बहिणी? भीती वाटली होती. जी पहिली गोष्ट सुचली ती बोललो."

तिने मान हलवली आणि घरी चहाला बोलावलं. तो गेला. चहा पितानाही त्याचं लक्ष रस्त्याकडेच होतं.