ताप नसलेली मुलगी

थर्मामीटरमध्ये ताप दिसत नव्हता. मिनूच्या मानेवर मात्र लिंबाएवढी गाठ होती, लाल आणि दुखरी. दोन वर्षांची पोर आजोबांच्या खांद्यावर डोकं टाकून गप्प पडली होती.

"सकाळपासून खेळून नाही राहिली, मॅडम," आजोबा म्हणाले. "दूधही नको म्हणते."

आजोबा पोस्टातून निवृत्त झालेले, अमरावतीचे. मुलगा आणि सून दोघंही हिंजवडीत सॉफ्टवेअरमध्ये. तिथं नवनव्या कंपन्या येत होत्या आणि दोघं अंधार पडल्यावरच शहराच्या दुसऱ्या टोकाला, मांजरी गावातल्या फ्लॅटवर परतायचे. दिवसभर मिनू आजोबांकडे.

मी नारायण पेठेतल्या एका लहान हॉस्पिटलमध्ये मुलांची डॉक्टर होते. रक्ताचा सीआरपी रिपोर्ट आला. शरीरात कुठं जंतूंशी लढाई चालू असली की हा आकडा वाढतो. मिनूचा नॉर्मल होता.

आमचे सीनियर सर म्हणाले, "ताप नाही, सीआरपी नाही. औषध देऊन घरी पाठवा. बेड काय हौसेसाठी आहेत?"

"सर, पोर बरी दिसत नाहीये. एकदा सुई घालून बघते."

सुईतून दाट पू आला. सरांनी सिरिंज हातात घेऊन बघितली. "अॅडमिट करा," म्हणाले.

सलाईनमधून अँटिबायोटिक सुरू झालं. दुसऱ्या दिवशी दुपारी मिनू आजोबांचा चष्मा ओढायला लागली, तेव्हा मला हायसं वाटलं. आजोबांच्या डोळ्यांत मात्र पाणी होतं.

"हिला एक मोठा भाऊ होता," ते म्हणाले. "सिद्धार्थ. हिच्या आईबापांच्या नोकऱ्या नवीन, म्हणून आमच्याकडे अमरावतीला ठेवला होता. एक दिवस असाच गप्प बसला. मी कपाळाला हात लावला, थंड होतं. म्हटलं, उद्या बघू. सकाळी झटके आले. इन्फेक्शन मेंदूपर्यंत गेलं होतं, मॅडम. राहिला नाही."

मी स्टूल ओढून त्यांच्याजवळ बसले.

"मुलगा, सून कधी एका शब्दानं बोलले नाहीत. त्याचाच जास्त त्रास होतो."

एकाच घरात दोन मुलं, दोघांना जबर जंतुसंसर्ग आणि दोघांनाही ताप नाही. हे माझ्या डोक्यातून जाईना. मुंबईतल्या एका तज्ज्ञ मित्राला फोन केला. तो म्हणाला, "रक्त पाठव. बाहेरच्या देशात तपासून घेऊ."

तपासणी समजायला अवघड नाही. आपल्या पांढऱ्या पेशींवर जंतू ओळखणारे रेणू असतात. हा जंतू नेमका कोणता, हे त्यांना कळत नाही. कवच जंतूचं आहे, एवढं कळतं. ती खबर पेशीच्या आत जाते, मग पेशी रक्तात रसायनं सोडतात. त्यांच्यामुळे ताप येतो, सीआरपी वाढतो. मिनूच्या रक्तात जंतूच्या कवचाचा अंश मिसळून बघितला. पेशी ढिम्म. खबर आत पोचवणारं एक प्रथिनच तिच्याकडे जन्मापासून नीट बनत नव्हतं.

रिपोर्ट आल्यावर मी तिघांनाही बोलावलं. सुनेनं, मनीषानं, पहिल्यांदा विचारलं, "जगेल ना?"

"जगेल. रोजचं पेनिसिलिन चालूच ठेवायचं, लशी चुकवायच्या नाहीत. पहिली काही वर्षं सांभाळायची. मोठेपणी शरीराची दुसरी फळी तयार होते, मग धोका पुष्कळ कमी होतो. तापाची वाट बघायची नाही. खेळली नाही, खाल्लं नाही, की इकडे या."

मग मी खुर्ची आजोबांकडे वळवली. "आजोबा, सिद्धार्थचं रक्त आपल्याकडे नाही, त्यामुळे खात्रीनं सांगता येणार नाही. पण बहुतेक त्यालाही हेच होतं. तुम्ही कपाळाला हात लावलात, ते बरोबरच केलंत. तिथं ताप नव्हताच. मी असते तरी माझ्याही हाताला लागला नसता."

मनीषानं आजोबांचा हात हातात घेतला.

"बाबा, आम्ही तुम्हाला कधीच दोष दिला नाही."

"माहीत आहे, बेटा," ते म्हणाले. "मीच देत होतो."

पुढची काही वर्षं आजोबा मिनूला घेऊन वारंवार यायचे. बरेचदा काहीच नसायचं. सर म्हणायचे, "आजोबा, इथंच खोली घ्या आता." एकदा मात्र खरोखर न्यूमोनिया निघाला. अगदी सुरुवातीलाच सापडला आणि तिथंच आटपला. त्यानंतर सरांनी खोलीचा विषय काढला नाही.

आजोबा गेले, तेव्हा मिनू दहावीत होती. आता ती कॉलेजात आहे, धडधाकट आहे.

त्या रिपोर्टमुळे मिनूच्या औषधात फार फरक पडला नाही. सिद्धार्थचं ऐकल्यावर रोजचं पेनिसिलिन मी आधीच सुरू केलं होतं. फरक पडला तो आजोबांना. तेव्हापासून आजाराचं कारण घरच्यांना बसवून सांगायला मी वेळ काढते. त्याची वेगळी फी लावता येत नाही, म्हणूनच बहुधा ते काम बऱ्याच ठिकाणी राहून जातं.