रंगाचं पातेलं

पळसाची फुलं उकळल्याचा वास आला की सिल्वासाच्या आमली भागातली आमची ती एक खोली आठवते. कंपनीत माझी रातपाळी असायची, म्हणून दिवसा मी झोपलो की घरात सगळे कुजबुजत बोलायचे. होळीच्या आठवड्यात बायकोनं रंगासाठी फुलं उकळली, पातेलं खाली उतरवलं आणि ती नळावर गेली. मी उठलो तेव्हा पाच वर्षांची आमची मुलगी कोपऱ्यात बसली होती. गरम पातेल्यात घातलेला हात भाजून लालभडक, तोंडात फ्रॉकचा बोळा आणि डोळ्यांतून धारा. "अगं, हाक का नाही मारलीस?" "तुम्ही झोपले होते ना, पप्पा," ती कुजबुजली. आता ती सासरहून फोन करते, तेव्हाही हळूच बोलते, आणि मी म्हणत राहतो, "मोठ्यानं बोल बेटा, मी जागाच आहे."