टीव्हीच्या आवाजाखालचा मलिदा
भिजवलेले पोहे, ओलं खोबरं आणि वेलची यांचा वास आला की नव्वदच्या दशकातला आमचा शारजाचा फ्लॅट आठवतो. पप्पांचा व्हिसा रिन्यू झाला म्हणून मम्मीनं नवसाचा मलिदा, म्हणजे आमच्यातला गोड पोह्यांचा प्रसाद, केला होता. आम्ही कोकणातले यहुदी, पण तिथे हे कुणाला कळलं तर पप्पांची नोकरी जाईल, एवढं मला ठाऊक होतं. आतल्या खोलीत टोपी घालून ते प्रार्थना म्हणत होते आणि ती बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून मी टीव्ही मोठा केला होता. तेवढ्यात शेजारच्या काकू आल्या. त्यांची मुलगी माझी एकुलती एक मैत्रीण. "सत्यनारायण होता," मम्मी घाईनं म्हणाली आणि वाटी पुढे केली. "अगो, सत्यनारायणाला शिरा असतो, पोहे कुठले?" काकू हसल्या. मग आतल्या बंद दाराकडे बघून त्यांचा चेहरा उतरला. "बोलवायचं नव्हतं तर नव्हतं, खोटं कशाला?" त्यानंतर त्यांची मुलगी खेळायला आली नाही आणि खरं कारण मला तिला सांगता आलं नाही. परवा कोकणातल्या आमच्या गावात उरलेल्या चार यहुदी घरांनी आमचं बंद पडलेलं प्रार्थनालय पुन्हा उघडलं. दारं सताड उघडी ठेवून सगळे मोठ्यानं प्रार्थना म्हणत होते आणि माझा हात नकळत रिमोट शोधत होता.