मास्तरांनी रंगवलेला ट्रक

ड्रॉइंगच्या मास्तरांना आयुष्यात एकच गोष्ट नीट येत होती, ती म्हणजे रंग देणं. हे त्यांचं स्वतःचंच मत. शिकवणं जेमतेम, व्यवहारात भोपळा, आणि यंत्राचं म्हणाल तर त्यांचा हात लागल्यावर भिंतीवरचं घड्याळही मान टाकायचं. असा माणूस अंगणातला जुना, चारही चाकांना इंजिनाचा जोर देता येणारा फोर-व्हील ट्रक दुरुस्त करायला निघाला, तेव्हा त्या बिचाऱ्या ट्रकने तुमचं काय वाकडं केलंय, एवढंच बायकोने विचारलं.

ट्रक सासऱ्यांचा. उभी हयात त्यांनी तो दगडाच्या खाणीवर चालवला आणि खाण बंद पडल्यावर घरी आणून उभा केला. आता त्यांचे गुडघे गेले होते आणि ते लेकीकडेच राहत होते. मेहुण्याचा मात्र तगादा सुरू होता, की मुलगा असताना वडील लेकीच्या घरी, हे बरं दिसत नाही. त्याचं घर दूरच्या शहरात, चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नसलेलं. एकदा वर गेले की म्हातारबुवा पुन्हा खाली उतरायचे नाहीत, हे सगळ्यांना कळत होतं आणि बोलत कुणीच नव्हतं. सासरेही नाही म्हणाले नाहीत. एकदा आपल्या ट्रकमधून खाणीपर्यंत जाऊन येतो, मग खुशाल न्या, असं म्हणाले. गॅरेजवाल्याने इतक्या जुन्या गाडीला हात लावायचं नाकारलं आणि मास्तर छाती पुढे काढून बोलून गेले, की ट्रक मी तयार करतो. त्याच वेळी कुणीतरी आपल्या तोंडावर हात ठेवायला हवा होता, असं त्यांना पुढे कितीदा तरी वाटलं.

इंजिन बॅटरी बदलताच सुरू झालं, कारण त्याला मास्तरांनी अजून हात लावला नव्हता. मग त्यांनी जे येत होतं तेच आधी केलं. सगळे दिवे उतरवले, बोल्ट न् बोल्ट काढला आणि ट्रकला आतून-बाहेरून हिरव्या रंगाचे दोन हात दिले. दिव्यांच्या बैठका, वायरी जिथे पत्र्याला आवळायच्या त्या जागा, काही म्हणता काही सोडलं नाही. सासरे दारात खुर्ची टाकून सगळं बघायचे आणि अधूनमधून "छान" म्हणायचे. मास्तर फुगायचे.

दिवे परत बसवले आणि तमाशा सुरू झाला. इंडिकेटर दिला की हेडलाइट मिणमिणायचे. ब्रेक दाबला की मागचे सगळे दिवे मिळून काजव्याएवढा उजेड पडायचा. हॉर्न वाजवला तर हॉर्न गप्प आणि केबिनमधला दिवा लागायचा. मास्तरांनी बल्ब बदलले, फ्यूज बदलले, बॅटरीला शिव्या घातल्या, पुढून मागेपर्यंत नवी वायर ओढली. नाकी नऊ आले. शेवटी एका दुपारी त्यांनी वैतागून वायरचा एक तुकडा घेतला, त्याचं एक टोक बॅटरीच्या ऋण टोकाला लावलं आणि दुसरं हेडलाइटच्या पत्र्याला. हेडलाइट भक्कन पेटला.

मास्तरांना उलगडा झाला. वीज दिव्याकडे वायरीतून जाते, पण परत येते ती ट्रकच्या पत्र्यातून. रंगातून ती जात नाही, आणि तिच्या त्या परतीच्या वाटेवर मास्तरांनी बाजारातल्या सगळ्यात चांगल्या रंगाचे दोन हात मारले होते. जे काम आयुष्यात नीट येतं, नेमकं त्याच कामाने घात केला होता. ते एकटेच हसत सुटले. मग पॉलिश पेपर घेऊन स्वतःच दिलेला रंग बोल्टाबोल्टाखालून खरवडला आणि संध्याकाळी सगळे दिवे लखलखले. सासऱ्यांनी "लागले" एवढंच म्हटलं आणि ते आत गेले. त्या दिवशी ते जेवलेही बेताचंच. कौतुकाचे दोन शब्द न मिळाल्याने मास्तर मात्र खट्टू झाले.

खाणीला निघायच्या आदल्या दिवशी मास्तरांनी सासऱ्यांना शेजारी बसवलं आणि चाचणीसाठी ट्रक रस्त्यावर काढला. आपल्यालाही कळतं हे दाखवायला त्यांनी डांबरी रस्त्यावरच फोर-व्हीलचा दांडा टाकला. सरळ रस्त्याला ठीक होतं. वळणावर स्टिअरिंग आवळलं, ट्रक उड्या मारत कण्हायला लागला, आणि दांडा काही केल्या निघेना. मास्तर दोन्ही हातांनी त्याला लोंबकळले.

"थोडी मागे घ्या," सासरे म्हणाले.

मास्तरांनी ट्रक जरा मागे घेतला, खाली कट्ट आवाज झाला आणि दांडा अलगद सुटला. सासऱ्यांनी मग शांतपणे समजावून सांगितलं. कडक रस्त्यावर फोर-व्हील टाकायचं नसतंच. त्यात दर्शनी बाजू उठून दिसावी म्हणून मास्तरांनी नवे टायर फक्त पुढे घातले होते आणि मागे झिजलेलेच ठेवले होते. पुढची चाकं मोठी, मागची लहान, मग ती एकमेकांशी भांडणारच.

"टायर घातले तेव्हा तुम्ही समोरच बसला होतात, बाबा."

"होतो."

"आणि रंगाचं?"

"पहिला हात दिलात तेव्हाच कळलं होतं, की आता दिवे लागायचे नाहीत."

"मग बोलला का नाहीत?"

सासरे काचेतून समोरचा रस्ता बघत राहिले. "दिवे लागले असते तर मला जावं लागलं असतं. तुम्ही चुकत होता, तोवर मी इथे होतो."

एवढे दिवस म्हाताऱ्याने ताकास तूर लागू दिली नव्हती. मास्तरांनी ट्रक घराकडे वळवला.

बायको फोन कानाला लावून दारातच उभी होती. मेहुणा विचारत होता, न्यायला कधी येऊ, गाडी झाली का?

"नाही झाली," मास्तर म्हणाले. "खालून आवाज येतोय. गिअरबॉक्स उघडावी लागेल."

"गॅरेजवाल्याला पुन्हा विचारायचं का?" बायकोने विचारलं.

"नको. मीच उघडतो."

बायकोने एकदा वडिलांकडे पाहिलं, एकदा नवऱ्याकडे. वडील ट्रकच्या खिडकीची काच उगाचच बाहीने पुसत होते. ती फोनमध्ये म्हणाली, "दादा, वेळ लागेल रे. नाही, किती ते नाही सांगता यायचं. ह्यांनी हातात घेतलीय ना."

पलीकडून मेहुण्याचा आवाज अंगणापर्यंत ऐकू आला, "मग तर कठीणच आहे."

आपल्या नालायकीचा एवढा अभिमान मास्तरांना आजवर कधी वाटला नव्हता.