साहेबांचा मागे राहिलेला तास

आम्ही विलायतेत राहतो, इथे उन्हाळ्यात सगळी घड्याळं तासभर पुढे करतात. नणंदेचा डबा द्यायला मी तिच्या ऑफिसात गेले होते, तेव्हा दाराआडून भांडण ऐकलं. ती तिथले कॉम्प्युटर सांभाळायची. साहेब म्हणत होते, "तू घड्याळ चुकवलंस, माझी बैठक बुडाली. आता बढती विसर."

"साहेब, मी घड्याळात शहराचं नाव घालणार होते. मग उन्हाळ्यात तास पुढे घ्यायचा, हे कॉम्प्युटरला आपोआप कळतं. तुम्हीच म्हणालात, जागतिक वेळेपासूनचा नुसता तासांचा फरक घाल."

"तोंड चालवू नकोस."

तिनं मनात डूख धरला. सगळ्यांच्या कॉम्प्युटरला शहराचं नाव दिलं, साहेबांच्या तेवढं नाही. दर उन्हाळ्यात ते वरिष्ठांच्या बैठकीला तासभर उशिरा पोचायचे. बोलावलं की ही जाऊन वेळ हातानं पुढे सरकवायची, दुसऱ्या दिवशी यंत्र नेटवरून जागतिक वेळ घेऊन, त्यात तोच फरक मिळवून पुन्हा मूळपदावर. साहेबांनाही बढती मिळाली नाही. खरं सांगते, ऐकून मलाही गार वाटायचं.

तरी एकदा म्हटलं, "आता पुरे करा, वन्सं."

"वहिनी, हुकूम त्यांचाच आहे."

तिच्या निवृत्तीच्या दिवशी साहेबांना नवा कॉम्प्युटर आला. तिनं तो पुसला, जोडला, नुसता तासांचा फरक घातला आणि घरी येऊन चहा टाकला.